आमेन होईपर्यंत

प्रार्थना चालू असताना मधे बोलायचं नाही, हा चारुशीलाबाईंच्या घरातला पहिला नियम. गुडघे चटईवर, डोळे मिटलेले, आणि आमेन होईपर्यंत तोंडातून चकार शब्द नाही. मग चुलीवर दूध उतू जावो, नाहीतर दारात कोणी हाका मारो. नियम बाईंनीच घातलेला, आणि वर्षानुवर्षं कडक पाळलेला. त्याच नियमानं एका शनिवारी त्यांचीच अशी बोलती बंद केली, की काय सांगू तुम्हाला!

ही गोष्ट एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराची. नागपुरात अजनीच्या रेल्वे क्वार्टरात बाई राहायच्या. नवरा देवराव वर्कशॉपात फिटर, मितभाषी माणूस. मुलगी एकच, सुवार्ता, नुकतीच मॅट्रिक झालेली. बाईंचं स्वतःचं लहानपण आईबापाविना मिशनच्या होस्टेलात गेलं होतं. तिथे पोटाला मिळे, अंगाला मिळे, पण रात्री निजताना आपलं नाव घेऊन देवाकडे काही मागणारं कोणी नव्हतं. ते त्यांच्या जिवाला फार लागलेलं. माझ्या लेकराला असं वाटू द्यायचं नाही, हे त्यांनी सुवार्ता पाळण्यात होती तेव्हाच ठरवलं होतं. म्हणून रोज दिवा लागला की चटई अंथरायची आणि तिघांनी गुडघे टेकायचे. आधी मुलगी, मग बाप, शेवटी बाई.

बाईंची प्रार्थना सुरू व्हायची एकदम पुस्तकी. "हे आकाशातील बापा, तू दयाळू आहेस..." इथवर ठीक. पण पोरीवर राग असला की त्यांची गाडी रुळावरून घसरायची. "प्रभू, हे लेकरू दिवसभर आरशासमोर काहून उभं राहते? भांडे तसेच पडून राहते. याले अक्कल दे बापा!" आता सांगा, यावर पोरीनं काय बोलायचं? आईला उलट बोलता येतं, पण प्रार्थनेला कसं उलट बोलणार? सुवार्तानं एकदा आईच्या कानात सांगितलं, "मले गणित जमून नाही राहिलं, पपाले सांगू नको." त्याच संध्याकाळी बाईंनी गणितासाठी देवाला साकडं घातलं, आणि शेजारी डोळे मिटून बसलेल्या पपांना सगळं कळलं. बाईंना विचाराल तर त्यांनी कुठे कोणाला सांगितलं होतं? त्यांनी तर देवाला सांगितलं होतं!

पण त्या वर्षी कहर झाला. चर्चमध्ये गायकवर्गात पेटी वाजवणारा एक मुलगा होता. सुवार्ताला तो आवडायचा, बस, एवढंच. तिनं ते आईजवळ बोलून दाखवलं, कारण दुसरं जवळचं कोण होतं तिला? आणि गुरुवारी महिला मंडळात प्रार्थनेच्या विनंत्या विचारल्या, तेव्हा बाई डोळे पुसत उभ्या राहिल्या. "बायांनो, माह्या सुवार्ताचं मन पेटीवाल्या पोरात गुंतून राहिलं. तिच्यासाठी प्रार्थना करा." पेटीवाल्याची आई त्याच चटईवर बसलेली! रविवारी गायकवर्गात पोरी एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. पेटीवाल्यानं मान वर केली नाही. सुवार्ता उपासना अर्धी टाकून घरी आली आणि उशीत तोंड खुपसून पडली. तिला कशाचं वाईट वाटलं, हे बाईंना कळलंच नाही. इतक्या बायांनी तिच्यासाठी गुडघे टेकले, नशीबच म्हणायचं, असंच त्यांना वाटत होतं.

पुढच्या शनिवारी चर्चची घरोघर फिरणारी प्रार्थनासभा बाईंकडे होती. चर्चचे पाळकसाहेब आले, वीसेक माणसं आली, पेटीवाल्याची आईसुद्धा आली. गीत झालं, वचन झालं. पाळकसाहेब म्हणाले, "आता आपली सुवार्ता प्रार्थना करील." बाईंची छाती फुगली.

"हे आकाशातील बापा," सुवार्ता म्हणाली, "तू मला आईबाप दिलेस, मी तुझे उपकार मानते. आई माझ्यासाठी रोज तुझ्यापाशी रडते, तुला ठाऊक आहे." कोणीतरी "होय प्रभू" म्हणालं. मग पोरीचा आवाज बदलला. "प्रभू, मले नर्सिंगच्या होस्टेलात जागा मिळू दे. दूरची मिळू दे. तिथं माह्यासाठी कोणी प्रार्थना करणार नाही. मले तसंच पाहिजे. मी आईले मनातलं सांगते, अन् ते साऱ्या चर्चले ऐकू जाते. आता मी तिले काहीच सांगणार नाही. येशूच्या नावानं मागते, आमेन."

"आमेन!" सगळी खोली एका सुरात म्हणाली. सवय हो, दुसरं काय! पाळकसाहेब म्हणाले, देवराव म्हणाले, पेटीवाल्याची आई म्हणाली. आणि धक्क्यावर धक्का म्हणजे, स्वतःच्याच नियमानं इतका वेळ तोंड मिटून बसलेल्या चारुशीलाबाईंच्या तोंडूनही आमेन निघून गेलं. आपण कशाला आमेन म्हटलं हे लक्षात आलं, तशा त्या भिंतीला टेकल्या. 

चहा झाला. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. माणसं चपला शोधत भराभर निघून गेली. मागे राहिली फक्त म्हातारी प्रयागबाई, सगळ्यांची आत्याबाई. वस्त्यांमधून बायाबापड्यांना बायबल वाचून दाखवण्यात तिची हयात गेली होती.

"पोरगी खोटं नाही बोलली वं, चारू," ती म्हणाली. "तुह्या घरातलं मले सारं माहीत आहे. अन् मी तुले कधी एक शब्द नाही विचारला."

"मी तिचं वाईट केलं का, आत्याबाई? देवाजवळच तर बोलली मी!"

"देवाजवळ बोलली, पण पोरीले ऐकू जाईन असं. पोरीजवळ कधी बोलली?"

 ज्या होस्टेलातल्या एकटेपणाला बाई जन्मभर भ्यायल्या, तेच त्यांची पोरगी आता देवाकडे मागत होती.  रविवारी भाजी करपली, तेही त्यांना कळलं नाही.

संध्याकाळी चटई अंथरली. सुवार्तानं फक्त प्रभूनं शिकवलेली ठरावीक प्रार्थना म्हटली, तोंडपाठ, भराभर. देवरावांनी दोन वाक्यांत आटोपलं. मग बाईंची पाळी. "हे आकाशातील बापा..." म्हणाल्या आणि थांबल्या.  देवरावांनी शेवटी एक डोळा किलकिला केला, आणि चकितच झाले. बाई डोळे टक्क उघडे ठेवून पोरीकडे पाहत होत्या. आमेन झालं नव्हतं अजून!

"सुवार्ता, डोळे उघड," बाई म्हणाल्या. "हे मी देवाले नाही, तुले सांगून राहिली. माह्यं चुकलं, माय. तुह्या मनातलं मी बाजारात मांडलं. तू जा होस्टेलले. मी अडवणार नाही."

सुवार्ता बघतच राहिली. आईच्या तोंडून "माझं चुकलं" तिनं आजवर ऐकलंच नव्हतं. ती गुडघ्यावरूनच आईच्या अंगावर पडली आणि हमसून रडली. देवरावांना काय करावं कळेना, तेव्हा त्यांनीच मोठ्यानं आमेन म्हणून टाकलं.

जागा मिळाली, आणि दूरचीच मिळाली. पोरगी जायची ती गेलीच. नागपूर स्टेशनवर गाडी लागली, ट्रंक चढली, देवराव पाण्याची सुरई भरायला गेले. बाईंनी तोंड गच्च मिटून ठेवलं होतं. इतकं काही ओठांवर आलेलं! गाडी हलली तेव्हा सुवार्तानं खिडकीतून आईचा हात धरला.

"आई, माह्यासाठी प्रार्थना करशील नं?"

बाईंना खरंच वाटेना. त्या हात न सोडता गाडीबरोबर चालू लागल्या.

"करू?"

"हाव. पण मनातल्या मनात."