कागदात काय हाय?

“मंग पुढे काय झाला, सर?”

उतारा वाचून संपला की ताई मान वर करून हे विचारायच्या. आता प्रवेश परीक्षेतल्या इंग्रजी उताऱ्याला पुढे काही नसतं, हे तुम्हाला-मला ठाऊक आहे. एका इंजिनीअरने पूल बांधायला नकार दिला, एवढं सांगून उतारा थांबतो आणि खाली पाच प्रश्न येतात. ताई मात्र त्या पुलावरच अडकायच्या. पूल झाला का? त्या माणसाची नोकरी टिकली का? तोवर वेळ संपायचा आणि प्रश्न तसेच राहायचे.

पालघरला एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर माझा लॉच्या प्रवेश परीक्षेचा क्लास आहे. बोईसर-सफाळ्याची विशीतली मुलं, आणि त्यांच्यात केळव्याहून येणाऱ्या, तिशी ओलांडलेल्या ताई. घरी सुपारीची वाडी, शनिवार-रविवार मुंबईच्या पाहुण्यांची जेवणं. बी.ए. लग्नाआधीच झालेलं. आता त्यांना वकील व्हायचं होतं. नवऱ्याची ना नव्हती. सासूबाईंनी मात्र बजावलं होतं, “यंदा बसून बघ. नाय जमला तर परत नाव काढू नको.”

पहिल्या सराव परीक्षेत वाचनाच्या भागात ताईंना वीसपैकी सहा. मुलं हळहळली, कारण इंग्रजी त्यांना सगळ्यांपेक्षा चांगलं समजत होतं.

घोटाळा कुठे होता ते धरणाच्या उताऱ्याने दाखवलं. ‘लेखकाची भूमिका काय?’ या प्रश्नाला ताईंनी ‘कडवा विरोध’ असं उत्तर दिलं होतं.

“ताई, लेखक दोन्ही बाजू नुसत्या मांडतोय.”

“मंग तो घाबरट हाय! गाव बुडते आणि हा बाजू मांडते!”

वर्ग खो खो हसला. मी म्हणालो, “असेल घाबरट. पण इथे तुमचं मत कुणी विचारलेलं नाही.”

ताईंचा चेहरा उतरला. “घरी पण हेच ऐकते,” त्या हळूच म्हणाल्या.

“वकील झालात की विचारतील,” मी घाईने म्हटलं. “त्याआधी समोरचा काय बोलला ते नीट ऐकता आलं पाहिजे. रोज एक उतारा वाचा आणि घरात कुणाला तरी आपल्या भाषेत सांगा. पदरचं काही घालायचं नाही.”

पुढच्या आठवड्यात त्या जिना चढून आल्या त्या हसतच.

“सर, सासूबाईंना सांगते! संध्याकाळी आमी ओटीवर सुपाऱ्या सोलतो ना, तेवा. पुलाचा सांगितला. मी म्हटलं, इंजिनीअर चांगला होता. तर लगेच म्हणतात, हा तुजा मत झाला, कागदात काय हाय ता सांग!”

तुम्ही त्यांना तेव्हा पाहायला हवं होतं. सासूबाईंच्या आवाजात बोलताना दोन्ही हात कमरेवर. मुलांनी ते वाक्य उचललंच. कुणी मनचं उत्तर दिलं की अख्खा वर्ग ओरडायचा, “कागदात काय हाय?”

ताईंचे गुण चढू लागले. सहाचे दहा झाले, दहाचे चौदा. एकदा दुपारी फोन वाजला. पलीकडे सासूबाई. “सर, त्या मुंग्यांचा उतारा आर्धाच हाय. दुसरा पान पाठवा.” मी सांगितलं, दुसरं पान नसतंच. “असा कसा धंदा करता?” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

परीक्षेच्या दिवशी क्लासमधली बोईसरची दोन मुलंही ताईंच्याच केंद्रावर होती, म्हणून मी केंद्राबाहेर उभा होतो. ताई बाहेर आल्या त्या जवळजवळ धावत.

“सर, सगळे उतारे झाले! वेळ उरला! एक तर असा होता, लेखक माझ्या डोक्यात गेला. पण त्याला जे म्हणायचा होता, तेच लिवला!” मग फाटकाशी थांबून त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा हसल्या.

निकालाच्या दिवशी फोनवर आधी नुसता कालवा ऐकू आला. मग ताईंचा आवाज, “सर, झाला! मुंबईचा कॉलेज मिळेल!” आणि त्यांच्या हातातून फोन ओढून घेत सासूबाई, “पेढे न्यायला या!”

मला जायला गणपती उजाडले. ताई तोवर मुंबईला हॉस्टेलवर राहायला गेल्या होत्या. ओटीवर पाहुण्यांची पंगत बसली होती आणि सासूबाई एकट्याच वाढत होत्या. मला पाहून म्हणाल्या, “घर कसा गप झालाय बघा.”

पंगतीतल्या एका पाहुण्याने मीठ मागितलं.

“आज जेवण मी केलाय,” सासूबाई वळून म्हणाल्या. “सून मुंबईला हाय. वकिलीचा शिकते. पहिल्या फटक्यात पास झाली.”

तो बिचारा बरं बरं म्हणाला. सासूबाई मग शेजारच्या पाहुण्याला तेच सांगू लागल्या, आणि मीठ काही शेवटपर्यंत आलं नाही.