फळीवर भरलेली ग्रामसभा

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. देवाजीभाऊंवर लिहावं एवढा मी मोठा नाही. त्यांच्या पत्नी सुमनबाई म्हणाल्या, "तूच लिव बापू, तुले लिवता येते," म्हणून धीर केला. आमच्या टोल्यातून, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतून, कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिण्याची कामं माझ्याकडे येतात. असंच एक काम मी बिघडवलं होतं… ते कबूल केल्याशिवाय भाऊंची आठवण पुरी होणार नाही.

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी चंद्रपूरच्या वसतिगृहात, जेवणाच्या रांगेत उभा होतो. डोळ्यांपुढे पहिल्यांदा आली ती त्यांची निळी रेक्झिनची पिशवी. भाऊ कुरखेडा तालुक्यातल्या आमच्या ग्रामपंचायतीचे मेंबर. गाव आणि टोला यांच्यामध्ये नाला आहे आणि शाळा गावाकडे. पावसाळाभर टोल्यातली लेकरं घरीच राहायची. भाऊंची स्वतःची शाळा चौथीत सुटली ती त्या नाल्यामुळेच. मी आश्रमशाळेत राहिलो म्हणून शिकलो. नाल्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, व्हावा, एवढीच भाऊंची मागणी होती. पंचायत समिती म्हणायची, रस्ता जिल्हा परिषदेचा. जिल्हा परिषद म्हणायची, जागा वनखात्याची. वनखातं म्हणायचं, आधी ग्रामसभेचा ठराव आणा, निम्मी माणसं हजर पाहिजेत. भाऊ प्रत्येक दारात "जय भीम साहेब" म्हणत अर्ज द्यायचे आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय हलायचे नाहीत. एकदा एक बाबू हसून म्हणाला, "मेंबर, तुम्ही तर आमच्या ऑफिसचेच झाले. हजेरी लावू का?" भाऊ म्हणाले, "लावा ना साहेब, पन पोच पयले द्या." त्या सगळ्या पोचा निळ्या पिशवीत असायच्या.

ठरावाची वेळ आली ती नेमकी मिरचीच्या दिवसांत. निम्मा टोला मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. मी सुट्टीत घरी होतो. म्हटलं, "भाऊ, सभेची वाट काऊन पाहाची? घरोघरी सह्या घेऊ." भाऊ थबकले. "सभा न भरता सभेचा कागद? जमते का असं?" मी शिकलेला, मी छातीठोकपणे सांगितलं, जमते… त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

आमच्याकडे घरातला एक माणूस असला की सगळं घर हजर समजतात. त्यामुळे घरी असलेल्यांनी बाहेर गेलेल्यांचेही अंगठे लावून टाकले. कोणाच्याच मनात खोट नव्हती. वनखात्याचे साहेब टोल्यात चौकशीला आले आणि एकेक नाव पुकारू लागले.

"तुमची बायको कुठे आहे?"

"मिरचीले गेली."

"मग हा अंगठा कोणाचा?"

"माहाच ना साहेब. घर एकच हाय!"

फाईल परत गेली. भाऊ साहेबांना एवढंच म्हणाले, "चूक माही हाय. मेंबर मी हाव." साहेब गेल्यावर मी खाली मान घालून विचारलं, "भाऊ, माहं नाव काऊन नाई सांगतलं?"

"तुले अजून लय कागद लिवाचे हायेत," ते म्हणाले. "पयलाच कागद तुया नावानं वापस आला असता."

त्यानंतर सभा कशी भरवायची ते भाऊंनीच शोधलं. उन्हाळ्यात तेंदूपानांचे पुडे घेऊन सगळा टोला दुपारनंतर फळीवर, म्हणजे पानं जमा करून वाळवायच्या जागेवर, येतो. भाऊ सरपंचबाई आणि ग्रामसेवक यांच्या मागे लागले आणि सभा तिथेच बोलावली. रीतसर नाव पुकारलं, की माणूस उभा राहायचा आणि पानांनी डागाळलेला स्वतःचा अंगठा स्वतः लावायचा. कोणीतरी टोमणा मारला, "मेंबर, ठरावाचाबी पुडा बांधून वाळत घालू का?"

"घाल. पन उलटवत जा, नाईतर ऑफिसात बुरशी लागते."

केवढे हसले होते सगळे…

ती निळी पिशवी आता सुमनबाईंच्या घरी खुंटीला आहे. तिच्यात सगळ्यात वर आहे ते मी छापून ठेवलेलं मंजुरीचं पत्र. ते भाऊंनी डोळ्यांनी पाहिलं नाही. ते गडचिरोलीला दवाखान्यात होते, माझी परीक्षा चालू होती. ग्रामसेवकांनी पत्राचा फोटो मोबाइलवर पाठवला तसा मी लगेच सुमनबाईंना फोन लावला. त्यांनी तो भाऊंच्या कानाला धरला.

"भाऊ, रपट्याले मंजुरी आली."

भाऊंनी आधी विचारलं, "तोंडी का कागदावर?"

"कागदावर. जावक नंबर हाय."

"वाच."

मी विषयापासून वाचायला सुरुवात केली. संदर्भात तिसऱ्या ओळीवर आलो. "ग्रामसभेचा ठराव, स्थळ तेंदू फळी…" भाऊंनी मला थांबवलं.

"ते लिवलं हाय त्याइनं?"

"लिवलं हाय, भाऊ."

"पुन्हा वाच," ते म्हणाले. मी पुन्हा वाचलं.