परतीची नळी

माझ्या गाडीच्या टर्बोमधून तेल परत नेणारी नळी मेकॅनिक मुश्ताकभाईंनी दोनदा बसवली आणि दोनदा काढली.

"गळतेय का?" मी विचारलं.

"नाही, मध्येच जरा वर उचलली जातेय. तेल आत येतं ते पंपाच्या जोरावर. परत जाताना त्याला कुणी ढकलत नाही. सलग उतार मिळाला नाही, तर तुंबतं."

मला दवाखान्यातले माझे वडील आठवले. डॉक्टरांनी हात टेकल्यापासून अण्णा एकच म्हणत होते, गावी ने. मी मात्र स्वतःच्या भीतीपोटी रोज नवा उपचार काढून त्यांना अडवत होतो.

गाडी तयार होताच मी थेट दवाखान्यात गेलो.

"अण्णा, गावी जायचं?"

ते पायांनी पलंगाखालच्या चपला चाचपू लागले.