गुरुजींच्या तेरवीचा ठेका
संगीतापुढे मृत्यूही थांबतो, असं गुरुजींच्या तेरवीला एक वक्ता म्हणाला होता. आज लॅपटॉपवर तानपुरा लावला आणि मनीषनगरातला तो धुपाने भरलेला हॉल आठवला. गुरुजींची बहीण, त्यांना शब्द दिला होता म्हणून, त्यांचा आवडता संथ, विलंबित ख्याल गायला बसली. तबलजी आलाच नाही, तेव्हा गुरुजींच्या मुलाने आपल्या नव्या मॅकवर तबल्याच्या ॲपमधून ठेका लावला. "काहून गा, इतका पळून राहिला हा?" "आत्या, मॅकवाल्या ॲपमध्ये विलंबित दिलंच नाही. ते विंडोजमध्येच आहे." "मंग तुह्या बापाले काय द्रुत लयीत पोचवू?" कोणी हसलं नाही. ती डोळे मिटून त्या पळत्या ठेक्यामागे गात राहिली. मला रडूही आलं नाही. आज कोणी त्या तेरवीबद्दल विचारलं, तर एवढंच सांगता येतं की पंगत वेळेआधी बसली आणि पुऱ्या गरम होत्या.