भिमाबाईचा गुरुवार

दिघ्याच्या टेकडीवरून भिमाबाई उतरायची तेव्हा कावळेसुद्धा झोपेत असायचे. पाचला कारखान्याच्या गेटवर कार्ड पंच करायचं, स्टोव्ह पेटवायचा आणि सहाच्या पाळीला वाफाळता चहा द्यायचा, ही तिची कॅन्टीनमधली नोकरी. तिच्या हातून चहा कधी चुकला नाही, पण रोजंदारीही सुटली नाही. शहाऐंशी साली कायम करायच्या माणसांची नावं निघणार होती आणि भिमाबाईचा सगळा जीव त्यात अडकला होता.

नेमकी त्याच वर्षी हजेरी कॉम्प्युटरवर गेली. कारखान्याला सुट्टी शुक्रवारची. कॉम्प्युटरनं छापून दिलं, भिमाबाई दर गुरुवारी गैरहजर!

"सुट्टीला जोडून दांडी मारता काय, मावशी?" सुपरवायझर मारोती म्हणाला. "असं असेल तर परमनंटचं विसरा."

भिमाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "मंग दर गुरवारी तुमी पिता त्यो चा कोन करतं, मारोतीभाऊ?"

तो खजील झाला, पण छापलेल्या कागदापुढे त्याचंही काही चालेना. जितंजागतं माणूस समोर असताना कागद खरा मानायची ही रीत कुणी काढली कोण जाणे.

भिमाबाईनं आपल्या परीनं विचार केला. भांडी घासणारी रखमा सहाला, सगळ्यांबरोबर येते. तिचा गुरुवार जागच्या जागी. म्हणजे मशीनला लवकर आलेलं चालत नाही.

पुढच्या गुरुवारी ती दुधाची किटली घेऊन गेटबाहेर उभी राहिली आणि सहाला रखमाच्या मागून कार्ड पंच केलं. चहाविना सगळी पाळी खवळली. हजेरीचा प्रोग्राम लिहिणारी सुनीतीही तणतणत कॅन्टीनमध्ये आली.

"मावशी, आजच कसा उशीर?"

"लवकर आलं की गैरहजर लागते, मॅडम. म्हनून भाईर थांबले."

सुनीतीनं मनात तास मोजले आणि कपाळावर हात मारला. मशीनचं घड्याळ लंडनच्या वेळेवर, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. इथे पहाटेचे पाच वाजले तरी तिकडे आदला दिवस सरलेला नसे. म्हणून भिमाबाईचा गुरुवार बुधवार व्हायचा आणि शनिवार जाऊन बसायचा सुट्टीच्या शुक्रवारात. वार काढण्याआधी साडेपाच तास मिळवायला सुनीती विसरली होती.

"चूक माझी आहे, मावशी," ती म्हणाली आणि त्याच दिवशी तिनं सगळी हजेरी नव्यानं काढली. सगळे गुरुवार परत आले. महिनाअखेर भिमाबाई कायम झाली. फक्त एका गुरुवारापुढे 'उशीर' असा शेरा राहिला.

"तो मी काढून टाकते," सुनीती म्हणाली.

"असू द्या," चहा गाळत भिमाबाई म्हणाली. "इतक्या वर्सांत येकदाच उशिरा आले, ते बी तुमच्या मशीनला बरं वाटावं म्हनून."