फुग्याचा टेका

फुग्याचा फक्त डावा गाल फुगायचा. ट्रंपेट ओठाला लावला की उजवा गाल शहाण्यासारखा जागेवर, आणि डावा आधी लिंबाएवढा, मग संत्र्याएवढा. आमच्या वर्ध्याच्या बँडपार्टीत पहिला नियम होता, वाजवताना गाल फुगवायचा नाही. मी तो इमानेइतबारे पाळला. फुग्यानं एकही दिवस पाळला नाही, आणि लोक बघत राहिले ते त्याच्याकडेच. त्याच्यावरचा माझा पहिला राग तिथला. पुढं बरेच झाले.

पन्नास सालानंतरची ती पाच-सहा वर्षं. पार्टीत मी आधी आलो, तो माझ्या मागून. ओठ कसे आवळायचे, सूर कसा धरायचा, हे त्याला मीच दाखवलं. म्हणजे आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. आमचे मास्तर स्वतः क्लॅरनेट वाजवत आणि पार्टी चालवत. वर्षभरात एके सकाळी ते मला म्हणाले, "आजपासून पहिला ट्रंपेट याचा. तू मागून टेका देत जा." मी "हो" म्हणालो. त्या दिवशी घरी जेवलो नाही, आणि बायकोला सांगितलं की पोट बरं नाही.

टेका म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. वरातीत उन्हातून चालत वाजवायचं, अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला लाल कोट. गाण्याची लांब ओळ एका दमात निघत नाही. पहिल्याचा श्वास संपत आला की दुसऱ्यानं तोच सूर हळूच उचलायचा, धरून ठेवायचा, तेवढ्यात पहिल्यानं श्वास भरून पुढची ओळ घ्यायची. जोड कळता कामा नये. ती कळली नाही की लोक म्हणायचे, "काय दम आहे बाप्पा त्याचा!" त्यातला निम्मा दम माझा होता. हे नवरदेवाच्या घोडीला तरी माहीत असावं, कारण ती माझ्याकडं मान वळवून बघायची.

फुग्या सराव करायचा तो पिपरीच्या बाजूच्या एका शेतातल्या विहिरीवर. कठड्यावर पोट टेकवून ट्रंपेटचं तोंड खाली पाण्याकडं.

"काऊन रे, बेडकाईले ऐकवून राह्यला का?" मी विचारलं.

"विहिरीले गानं शिकवून राह्यलो, भाऊ. मी म्हनलं का ते मागून म्हनते. चुकत नाई. तुयासारखीच आहे."

त्यानं हे कौतुकानं म्हटलं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. तरी मला ते झोंबलं. मी काय विहीर होतो?

पंगतीतही तेच. पातोडीचा रस्सा वाढणारी बाई त्याच्या पानाशी थांबून आग्रह करायची आणि माझ्यापुढून पुढं जायची. तो आपली वाटी माझ्याकडं सरकवून म्हणायचा, "घे भाऊ, मले वाजवाचं आहे." जसं काही मला वाजवायचं नव्हतं! मी जळायचो. चांगला धूर निघेपर्यंत जळायचो.

मग तळेगावचं ते लग्न आलं. बैलांच्या रेंगीतून उतरतानाच मास्तरांनी कानात सांगितलं, "पोरीच्या मामाच्या ओळखीचे एक नागपूरवाले आले आहेत. त्यांचा वाद्यवृंद आहे. नीट वाजवा." वरात मांडवाच्या दाराशी आली की आमच्यात सगळी पार्टी गोल उभी राहते, ढोल थांबतो, आणि पहिला ट्रंपेट सिनेमातलं एखादं करुण गाणं वाजवतो. फुग्याच्या गाण्यात एका ओळीच्या शेवटाला एक इतका लांब सूर होता की माझ्या टेक्याशिवाय तो पार होणं शक्यच नव्हतं. समोर खुर्चीवर नागपूरवाले बसले होते. मी ठरवलं, आज टेका द्यायचा नाही. तुटू दे सूर. कळू दे सगळ्यांना.

ती जागा आली. मी ट्रंपेट ओठाला लावला, बोटं ठेवली, आणि फुंकलंच नाही.

सूर तुटला. मांडवात एकदम सामसूम. फुग्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. मग काही घाई न करता पुरता श्वास घेतला, आणि पुढची ओळ अगदी हलक्यानं त्या सामसुमीतून उचलली. पुढच्या ओळीला तो आपणहून थांबला. त्याच्या पुढच्याही. बायांनी डोळ्यांना पदर लावले. मास्तर क्लॅरनेट काखेत धरून ऐकत राहिले. नागपूरवाल्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पंगत बसायच्या आत फुग्याचं नागपूरला जाणं ठरलं होतं.

स्टेशनवर मीच त्याची ट्रंक उचलून दिली. गाडीच्या दारातून तो म्हणाला, "फुकाले कोनी बी फुकते, भाऊ. थांबाचं कसं, ते तुयाच्यानं समजलं. येजो नागपूरले." खरं काय ते माझ्या तोंडाशी आलं होतं. गाडी सुटली, आणि मी गिळून टाकलं.

मला पहिला ट्रंपेट मिळाला. मला टेका द्यायला एक जण मिळाला, तोही बरा होता. पण माझ्याकडं कुणी बघेना.

दोन वर्षांनी गणपतीत फुग्या वर्ध्याला आला, तो एकट्याचा कार्यक्रम घेऊन. फळ्यावर मोठ्या अक्षरात नाव, अंगात काळा कोट. चुका काढायच्या म्हणून मी तिसऱ्या रांगेत बसलो. तेच गाणं निघालं. त्या लांब सुरापाशी त्यानं ट्रंपेट ओठावरून जरा खाली घेतला आणि थांबला. टेका द्यायला माझी छाती आपोआप श्वासानं भरली. गाल कडक झाला म्हणून हात लावून बघितला, तर डावा फुगलेला.

पडद्यामागं त्यानं मला मिठी मारली. "थे जागा अजून बी तुयीच ठेवली आहे, भाऊ."

मला राहवलं नाही. "अरे, त्या दिवशी मी मुद्दाम फुकलं नाई. तुई फजिती कराची होती मले."

"मले काय मालूम नाई?" तो हसला. "तुया दम मी रोज मोजून घेत होतो, भाऊ. तू चुकनारा मानूसच नाई."

नुसत्या वाजवण्याचा हेवा एखाद वेळी विझलाही असता. पण सगळं माहीत असूनही त्यानं माझी जागा राखली, हे मला फार लागलं. घरी येईपर्यंत मी त्याला मनातल्या मनात शिव्या देत होतो.

फुग्या जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. गल्लीतून वरात निघाली आणि ट्रंपेटवाल्याचा दम ओळीच्या शेवटी संपत आला की मी हातातलं काम टाकून दारात येतो. मागून कुणी टेका देतं का, ते ऐकतो. दिला, तर मला त्या मागच्याचा हेवा वाटतो.