उकरड्याच्या रकान्यातलं माझं ‘हो’

बडोद्यात दांडिया बाजारात राहत होतो तेव्हा कचरा ही विचार करण्याची गोष्टच नव्हती. सकाळी गाडी गाणं वाजवत यायची, मी ओल्याची आणि सुक्याची बादली खाली न्यायची, विषय संपायचा. आता आमचं घर बडोद्याच्या हद्दीच्या पाटीपासून दोनशे पावलांवर, पण पलीकडच्या अंगाला आहे. तीच गाडी तेच गाणं वाजवत पाटीपर्यंत येते आणि तिथून वळते. गाणं मला स्वयंपाकघरात ऐकू येतं. त्याचा इतका संताप येतो की मी नळ मोठा सोडते.

इथे आलो ते ह्यांच्या दम्यामुळे. रहदारीपासून लांब राहा, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून फ्लॅट विकून या गावात दोन खोल्या बांधल्या. पहिल्याच संध्याकाळी हे अंगणात खुर्ची टाकून बसले आणि अर्ध्या तासात खोकत आत आले. नाल्याच्या काठावर कचरा जळत होता. दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, तुटक्या चपला, लहान मुलांचे डायपर. तो धूर लाकडाचा नसतो, घशाला चिकटून बसतो. तेव्हापासून रोज संध्याकाळी आम्ही खिडक्या लावून घेतो आणि हे हातात पंप धरून बसतात.

गावाला नावं ठेवण्यात आधी मीच पुढे होते, तेही सांगून टाकते. शेजारीण दोन म्हशींची मालकीण, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला मोटीबेन म्हणते. तिला जाऊन म्हणाले, “प्लास्टिक केम बाळो छो? साहेबने श्वास चडे छे.”

ती शांतपणे म्हणाली, “तो क्यां नाखुं, मोटीबेन? तमे कहो त्यां नाखुं.”

मला जागा सांगता आली नाही. आमच्याही सुक्या कचऱ्याची पोती मागच्या दाराशी साठली होती, आणि उंदीर लागल्यावर मीच ती नाल्यावर टाकून आले होते. ती जाळली दुसऱ्या कोणीतरी, एवढंच. त्यात शहरातली माणसं स्कूटरवरून पाटी ओलांडून येतात, पिशवी भिरकावतात आणि मागे वळूनही न बघता जातात. शहराची गाडी इकडे येऊ शकत नाही, शहराचा कचरा मात्र खुशाल येतो.

अशात एक पाहणीवाला आला. कचऱ्याचा ट्रॅक्टर कोणकोणत्या गावांना द्यायचा हे ठरवायला तालुक्याहून पाहणी चालली होती. “बेन भणेलां छे, एमने पूछो,” असं म्हणून, म्हणजे मी शिकलेली म्हणून, आमच्या फळियातल्या लोकांनी त्याला माझ्या दारात आणून सोडलं. फळियं म्हणजे आमची ही पंधरा घरांची आळी. मीही पदर खोचून सगळ्यांच्या वतीने बोलायला उभी राहिले. त्याने कागदावरून नजर न उचलता विचारलं, “उकरडो छे?”

तो शब्द ऐकला आणि माझ्या डोळ्यांपुढे नाला आला. “छे ने,” मी म्हणाले, “आखुं गाम उकरडो छे. चालो, बतावुं.” तो काही बघायला आला नाही. त्याने खूण केली, मी खाली सही केली, आणि बरं सुनावलं म्हणून दिवसभर स्वतःवर खूश होते.

यादी लागली तेव्हा तिच्यात आमचं गाव नव्हतं. मी तणतणत तालुक्याच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी माझाच कागद माझ्यापुढे सरकवला. “उकरडो एटले खातरनो खाडो, बेन. व्यवस्था छे एम तमे ज लखाव्युं छे. पछी ट्रॅक्टर शेनो?”

आमच्या घरात उकिरडा म्हणजे घाण. पोरांनी खोली आवरली नाही की माझी आई म्हणायची, काय उकिरडा करून ठेवलाय. इथे त्या रकान्यात तो शेण आणि पालापाचोळा कुजवायचा खड्डा होता, घरचं खत तयार करायची जागा. आमच्या चार पिढ्या बडोद्यात गेल्या, मी भाजीवाल्याशी गुजरातीत भांडले, पण हा अर्थ माझ्यापर्यंत कधी पोचला नव्हता. मी कपाळावर हात मारून घेतला.

पण माझी चूक एका शब्दाची. कागदाची चूक त्याहून मोठी होती, आणि तिच्या खाली कोणाचीच सही नव्हती. खड्डा आहे का, एवढंच विचारायचं? त्यात डायपर कुजतो का, हे नाही विचारायचं? मी तसं म्हणाले तर साहेब हसले. “गामडामां कचरो केटलो होय, बेन?” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शहरातल्या दुकानात टांगलेल्या माळेतली पाकिटंच गावातल्या दुकानात टांगलेली असतात. सफाईवेरा, म्हणजे सफाईचा कर, आम्हीही भरतो. पाटीच्या अलीकडच्याने आपला कचरा बादलीत ठेवायचा आणि पलीकडच्याने छातीत, हा कुठला न्याय?

दुरुस्ती होईल, म्हणाले. फळियात खड्डा नाही, असा फोटो आणा.

आमच्या फळियात खड्डा एकच, शेजारणीचा. तिच्या म्हशींचं शेण त्यात जातं आणि त्या खतावर तिचं दीड विघा शेत चालतं. साऱ्या गावात नीट चाललेली तेवढी एकच गोष्ट, आणि ती बुजवली तर ट्रॅक्टर मिळणार. मी हा वेडेपणा तिला सांगितला तो चिडून, हात नाचवत. मागितलं काहीच नव्हतं. तिने आमच्या बंद खिडकीकडे पाहिलं. आत हे खोकत होते.

“पूरी दउं?” तिने विचारलं. बुजवून टाकू का खड्डा, असं.

मी नाही म्हणाले. पण तोंडदेखलं म्हणाले, हे तिलाही कळलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावड्याचा आवाज आला. बाहेर जाऊन बघते तर अर्धं मुरलेलं खत मातीखाली गेलं होतं. “साहेबनो दम बेसे तो बस,” ती म्हणाली. ह्यांचा दमा बसला की तिला पुरे होतं. मी तिला थांबवलं नाही. मोबाइल काढला आणि फोटो घेतला. त्या फोटोची मला आजही लाज वाटते.

त्याला आता चार महिने झाले. ट्रॅक्टर आलेला नाही. विचारलं की उत्तर मिळतं, “आवशे.” शेजारीण शेण रस्त्याच्या कडेला टाकते, दुसरं करणार काय. परवा तिला नोटीस आली. रस्त्यावर शेण टाकून घाण करू नये, नाहीतर दंड होईल. तिला वाचता येत नाही म्हणून कागद घेऊन ती आमच्याकडे आली.

ह्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. मग उठले, मागच्या दारची कुदळ घेतली आणि बुजवलेल्या जागेवर जाऊन खणायला लागले. दहा घाव घातले की खाली बसायचे, पंप ओढायचे, पुन्हा उठायचे. शेजारीण “साहेब, रहेवा दो” म्हणत भोवती फिरत होती.

“अहो, काय चालवलंय हे? बसा,” मी ओरडले.

“तिचं आधी तिला परत देऊ,” हे म्हणाले. एवढ्या पाच शब्दांनाही त्यांना मध्ये थांबावं लागलं.

नाल्याकडून धूर निघाला होता. मी त्यांच्या हातातून कुदळ काढून घेतली, त्यांना घरात पिटाळलं आणि खणायला लागले.